उजवी पाकळी

हळर्ण, पेडणे
१० नोव्हेंबर २०२५

ती. सौ. सेजलताय हिला,
धाकट्या साईशचा सा. न. वि. वि.

ताय, आधी कबूल करून टाकतो, मग बाकीचं. मी सातेरीच्या देवळात लबाडी केली. चोरी नाही केली, देवीला हातसुद्धा लावला नाही. फक्त पंख्याची मान वळवली. पण कशासाठी वळवली ते बाबांना कळलं, तर ते मला घराबाहेर काढतील आणि मला आजऱ्याला तुझ्याकडे येऊन राहावं लागेल. भावजींना सांग, एक खाट तयार ठेवा.

आता पहिल्यापासून सांगतो. मे महिन्यानंतर मी पत्र घातलं नाही, त्याच्या शिव्या पुढच्या पत्रात घाल.

गणपतीची चवथ झाली आणि एक दिवस बाबा सोप्यावर विडी ओढत बसले होते. एकदम म्हणायला लागले की डाव्या डोळ्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं. थोड्या वेळानं शटर आपोआप वर गेलं. आई म्हणाली पित्त. मग दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कोप सुटला. हात म्हणे कापसाचा झाला. तोही सुधारला, पण ह्या वेळी मी ऐकलं नाही, भाड्याची गाडी केली आणि बांबोळीला मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. तिथं मानेला थंडगार जेली लावून मशीन फिरवलं. बाबा म्हणत होते, दाढी करतायत तर नीट करा.

डॉक्टरीण तरुण आहे, पण बोलते स्पष्ट. म्हणाली, मेंदूला रक्त नेणारी मानेतली डावी शीर आतून भरत आलीय, रक्ताला जेमतेम वाट उरलीय. त्यातला एक कण सुटून वर गेला तर उजवं अंग जाईल आणि बोलणं जाईल. शटर आणि कोप हे नुसते इशारे. मान उघडून शीर साफ करायची, आणि लवकर करायची. ऑपरेशन करतानासुद्धा शंभरातल्या दोघा-तिघांना तेच होऊ शकतं, हेही तिनं लपवलं नाही.

अंग जाईल म्हटलं तेव्हा बाबा मानेवरची जेली पुसत होते. बोलणं जाईल म्हटलं तेव्हा खुर्चीचा हात धरला. तुला माहीत आहे ना गे. कोणाची म्हैस विणार असो, कोणाचा पोरगा दुबईला जाणार असो, वाड्यावरचं प्रत्येक गाऱ्हाणं देवीपुढं बाबाच घालतात आणि आपण सगळे मागून 'होय महाराजा' म्हणतो. त्यांचं बोलणं गेलं तर देवीशी बोलणार कोण?

घरी आल्यावर म्हणाले, देवीला विचारल्याशिवाय काही ठरणार नाही. प्रसाद लावायचा. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवणार, उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. डावी पडली असती तर बाबा जन्मात इस्पितळाची पायरी चढले नसते.

म्हणून काल देवळात सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा मी दारातल्या पंख्याची मान देवीच्या उजव्या अंगाकडं वळवली. ओली पाकळी वाऱ्यानं आधी सुकते, सुकली की पडते. दहावीला दोनदा बसलो, त्यातलं एवढं सायन्स तेवढं कामाला आलं.

मजा अशी की बाबांनी गाऱ्हाणं मोठ्यानं घातलंच नाही. पुजारी बाबाजी वाट बघून दमला. बाबांचे नुसते ओठ हलत होते. स्वतःसाठी मागायचं असलं की माणूस हळू बोलतो वाटतं. मग उजवी पाकळी टपकन पडली. बाबाजी म्हणाला, उजवा. आई रडली. मी पंखा परत सरळ केला.

घरातलं कोणी तुझ्याशी बोलणार नाही, असा नारळ बाबांनी देवीपुढं ठेवला त्याला आता तीन वर्षं होतील. मी बोलत नाही. मी लिहितो. लिहिणार नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. फोनवर मात्र नको, माझ्या मोबाईलात तुझा नंबर दिसला की आई रडते आणि बाबा जेवत नाहीत. उत्तर कमलच्या पसऱ्यावरच पाठव, ती दुकानातल्या साखरेच्या गोणीमागं ठेवते.

माया आहे ती आटू देऊ नको.
तुझा
साईश


आजरा
१५ नोव्हेंबर २०२५

चि. साईश यास,
तायचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचायला घेतलं आणि खाली बसून संपवलं. मधे दूध उतू गेलं. ह्यांनी गॅस बंद केला आणि काही न विचारता पुसायला लागले. मग मी त्यांना पंख्याचं सांगितलं तर हसू आवरेना त्यांना. मी मात्र हसले नाही. म्हणजे हसले, पण नंतर.

तू गाढव आहेस. देवीच्या कामात हात घालतात काय? पण रागवायचं कसं तेच कळत नाही मला. बाबांची मान कापणार म्हणून रडू, की ते कापून घ्यायला तयार झाले म्हणून देवीला साखर ठेवू? तारीख मिळाली की लगेच कळव. विडी बंद केली काय ते लिही. खोटं लिहू नको.

तीन वर्षांत मी काही विसरले नाही, उलट नको ते आठवतं. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराचा भोंगा इथं वाजत नाही, तरी त्या वेळेला जाग येते. बाबांचा राग मला समजतो रे. मोपाच्या सड्यावरची त्यांची काजूची बाग विमानतळात गेली, आणि त्याच जागी इमारत उभी करायला क्रेन घेऊन आलेल्या माणसाबरोबर मी लग्न केलं. कोल्हापूरकडचा आहे, परजातीचा आहे, हे त्यांनी एक वेळ गिळलं असतं. क्रेन गिळता आली नाही.

एक विचारते, हसू नको. मी इथं सणावाराला देवापुढं आपलं गाऱ्हाणं घालते. ह्यांच्या घरात ती पद्धत नाही, पण सासूबाई काही म्हणत नाहीत, मागं उभ्या राहतात. बाबा म्हणायचे तसं सातेरी, रवळनाथ, वेताळ इथपर्यंत येते आणि पुढं अडते. पुढच्या देवाचं नाव पूर्वस की ब्राह्मण? दर वेळी तिथंच थांबते. बाबांच्या आवाजात म्हणून बघते, तोही आवाज वेताळापाशी येऊन थांबतो. नाव आठवत नाही ह्यापेक्षा आवाज आठवत नाही ह्याचं वाईट वाटतं. तुला येत असेल तर लिहून पाठव.

आईला माझा नमस्कार मनातल्या मनात सांग. माया वाढती ठेव.
तुझी
सेजलताय


हळर्ण
२० नोव्हेंबर २०२५

ती. ताय,
सा. न. वि. वि.

वेताळानंतर कोण ते मला येत नाही. मी जन्मभर फक्त 'होय महाराजा' म्हणत आलो. बाबांना विचारायची हिंमत नाही, आणि आता विचारण्यासारखी वेळही नाही. हे पत्र बसून वाच आणि दूध आधी उतरून ठेव.

ऑपरेशनची तारीख आली आणि बाबांनी नाही म्हणून सांगितलं. आई म्हणाली, अहो देवीनं उजवा दिला ना. तर बाबा शांतपणे म्हणाले, मी देवीला ते विचारलंच नव्हतं. मग काय विचारलं होतं? तर ते सांगायला तयार नाहीत. वेळ आली की सांगेन म्हणतात आणि मागच्या परसात निघून जातात.

आई म्हणते, त्यांनी नक्की उलटं विचारलं असणार. ऑपरेशनशिवाय निभेल काय, असं. ताय, तसं असेल तर त्यांना नको म्हणून मीच सांगितलं. पंखा लावून सांगितलं. मला जेवण जात नाही. विमानतळावरच्या नोकरीत ट्रॉल्या गोळा करताना दोनदा माणसांच्या पायावर ट्रॉली घातली. आणि घरी कोणी माझी चौकशी केली की बाबा अजून सांगतात, बागेत गेलाय. विमानतळ म्हणत नाहीत. एरवी मला हसू येतं त्याचं.

पुढचं ऐक. परवा देवळात काल्याचं गाऱ्हाणं होतं. सगळा वाडा जमला होता. बाबांनी हात जोडले, सुरुवात झकास केली, अगदी माईक नको असा आवाज. आणि मधेच थांबले. तोंड उघडं, हात जोडलेले, डोळे देवीवर, आणि शब्द नाही. लोकांना वाटलं, ते दम घेतायत. रीतीप्रमाणं सगळे 'होय महाराजा' म्हणाले. बाबा तसेच. परत सगळे 'होय महाराजा' म्हणाले. कोणी काही मागितलंच नव्हतं, आणि शंभर माणसं होय म्हणत होती. मी बाबांच्या बाजूला होतो. त्यांची जीभ तोंडात हलत होती ती मला दिसत होती, काही सापडत नसल्यासारखी.

बाबाजीनं पुढं होऊन गाऱ्हाणं पुरं केलं. बाबांना कदेल आणून त्यावर बसवलं. गाडी येईपर्यंत बोलणं परत आलं. पहिला शब्द आला तो विडी. आईनं दिली नाही. इस्पितळात एक रात्र ठेवून घेतलं, गोळ्या वाढवल्या. डॉक्टरीण रागावली, म्हणाली, ह्यापुढं इशारा येणार नाही, थेट झटकाच येईल. बाबा म्हणाले, थोडे दिवस द्या. स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी आले.

आणखी एक. बाबा परसात फणसाशी बोलतात. मी स्वयंपाकघराच्या जनेलातून बघितलं. झाडासमोर उभे राहून काहीतरी सांगतात, मान हलवतात, परत पहिल्यापासून सुरू करतात. मेंदूवर परिणाम झाला की काय, कळत नाही.

भीतीत आहे. तुझी माया असू दे, आता तिचंच काम आहे.
साईश


आजरा
२४ नोव्हेंबर २०२५

चि. साईश,
अ. उ. आ.

पत्र वाचल्यावर मी पिशवी भरली. ह्यांनी मोटारसायकल बाहेर काढली, हेल्मेट घालून उभे राहिले. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. मला समोर बघून बाबांचं डोकं तापलं आणि त्याच क्षणी तो कण सुटला, तर? इथल्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितलं की रक्तदाब वाढू देऊ नका. म्हणजे मी बापाच्या जवळ जाणं हेसुद्धा आता औषधाच्या चिठ्ठीत मना करण्यासारखं झालं.

पिशवी अजून दाराशीच आहे. उचलून ठेववत नाही.

तू आता एकच कर. बाबांना पंख्याचं सांग. ऑपरेशन नको असं त्यांनी ऐकलं असेल तर ते देवीनं सांगितलेलं नाही, तू सांगितलेलं आहे, हे त्यांना कळू दे. मार बसेल तो खा. उजवा हात चालतोय ना त्यांचा, मग मार बसला तर मला आनंदच होईल. पण सांग. उद्या नको, हे पत्र वाचून झालं की जा.

जीव टांगून बसलेय. कळव.
तुझी ताय


हळर्ण
२८ नोव्हेंबर २०२५

ती. ताय,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसा गेलो. कमलच्या पसऱ्यावर पत्र वाचलं, तिथून थेट परसात. बाबा फणसासमोर उभे होते. मी म्हटलं, बाबा, एक सांगायचंय. ते म्हणाले, आधी मला सांगू दे, माझं बोलणं कधी बंद पडेल सांगता येत नाही, तुझं काय, तुझं तोंड मेल्यावरही चालू राहील. मग मी त्यांना आधी बोलू दिलं. चुकलं माझं. पण ऐक ते काय म्हणाले.

म्हणाले की शिरेचं डॉक्टरणीला कळतं. ते देवीला विचारून तिला कशाला अडचणीत घालायचं? ऑपरेशन करायचं हे मी बांबोळीलाच ठरवलं होतं. पण देवीपुढं मी एक नारळ ठेवला होता, तो मला आपल्या हातानं उचलता येत नव्हता. ज्याच्यापुढं ठेवला त्यानंच उचलायचा असतो.

ताय, त्यांनी देवीला तुझं विचारलं होतं. सुरी लागायच्या आधी पोरीशी बोलू काय, एवढंच.

आणि उजवी पडली.

मग इतके दिवस का थांबलात, विचारलं मी. तर म्हणाले, होय मिळाला, पण काय बोलायचं ते सुचत नाही. दुसऱ्याचं गाऱ्हाणं असलं की पाण्यासारखं येतं. म्हणून फणसासमोर सराव करतोय. दोन-तीन वाक्यं होतात आणि तिसऱ्या-चौथ्याला परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पण बोलल्याशिवाय त्या टेबलावर झोपणार नाही. शंभरातले दोन-तीन कोणीतरी असतातच, तो मी निघालो तर?

झाडाच्या सालीला एका जागी हात लागून लागून गुळगुळीत झालंय, ते तेव्हा दिसलं मला.

आता सांग, मी काय करू. पंख्याचं सांगितलं तर तो होय खोटा ठरतो. नारळ परत देवीपुढं जातो. बाबा तुला फोन करणार नाहीत, आणि फोन नाही तर ऑपरेशन नाही. न सांगावं तर आपल्या बापाला देवीच्या नावानं फसवलं, हे मला आयुष्यभर माहीत राहणार. त्यांनी विचारलं, तुला काय सांगायचं होतं? मी म्हटलं, जेवण तयार आहे.

तू ठरव. फोन तुला यायचाय. तू सांग म्हणालीस तर आजच सांगतो, आईशप्पथ.

लहान समजून सांभाळून घे.
साईश


आजरा
३ डिसेंबर २०२५

चि. साईश यास,
तायचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र काल सकाळी आलं. दिवसभर मी तेच धरून होते. भाजी चिरली, ती निवडून झालीय की नाही हेही बघितलं नाही. शेवटी ठरवलं की फोन आला तर मीच सांगायचं. म्हणायचं, बाबा, साईशनं मूर्खपणा केला, देवीला परत विचारा, आणि डावा आला तरी ऑपरेशन करा, माझी शपथ आहे. वाक्य पाठ केलं. तू म्हणशील, बापासारखीच.

संध्याकाळी फोन वाजला. नंबर बघितला, आणि तीन वर्षांनी त्या नंबरापुढं बाबा असं नाव आलं. मी ते पुसलंच नव्हतं कधी.

पहिल्यांदा, लहानपणी हाक मारायचे तसं, 'बाय' म्हणाले. बस, माझं पाठ केलेलं वाक्य गेलं.

मग त्यांनी विचारलं, तिकडं थंडी पडली काय. म्हटलं, पडली. विचारलं, पाणी रोज येतं काय. म्हटलं, एक दिवसाआड. मग गप्प झाले. इतके गप्प, की मी फोन कानापासून काढून बघितला, चालू आहे काय. वाटलं, परत तसं झालं. मी बाबा, बाबा म्हणत राहिले. तर म्हणाले, ओरडू नको, शोधतोय. मग म्हणाले, उभी राहा, हात जोड. मी फोन फडताळावर ठेवला, मोठा आवाज लावला आणि हात जोडून उभी राहिले.

त्यांनी गाऱ्हाणं घातलं रे. फोनवर. सगळं, आपल्या सगळ्या देवांसकट. म्हणाले की ही तुझी लेक घाटावर गेलीय, हा तिचा घोव अविनाश, नाव घेऊन म्हणाले, ह्यांच्या घरात पाणी रोज येऊ दे, ह्यांच्या वाटेला काटा असला तर तो माझ्या वाटेला टाक, आणि माझ्या तोंडातून जो वाकडा शब्द गेला तो तूच सरळ कर. मागून होय महाराजा म्हणायला मी एकटी होते. दुसऱ्यांदा म्हणताना स्वयंपाकघराच्या दारातून ह्यांचाही आवाज आला, अगदी दबका, चुकल्यासारखा. बाबा क्षणभर थांबले आणि पुढचं म्हणू लागले.

वेताळानंतर कोण आलं ते मी रडण्यात ऐकलंच नाही. आता परत विचारायचं कसं?

साईश, मी सांगितलं नाही. सांगायचं ठरवून सांगितलं नाही, त्यामुळं आता हे तुझ्या एकट्याचं राहिलं नाही. तूही सांगू नको. देवी रागावली तर मोठी मी आहे, माझ्यावर रागावू दे. ह्या आवाजासाठी तेवढं मी सोसेन.

नऊ तारखेला ऑपरेशन, त्यांनीच सांगितलं. मी येऊ काय विचारलं, तर म्हणाले, आता नको, मान शिवलेली बघून तू रडशील आणि तुझी आई तुझ्यासोबत रडेल, मला दोघींना गप्प करायचा दम नसेल. मी सांगेन तेव्हा ये. आणि फोन ठेवून दिला. कधी ते नाही सांगितलं.

नऊ तारखेला फोन हातात घेऊन बसेन. आता तर नारळ उठला, बोलायला हरकत नाही. पण नंतर सावकाश पत्रही लिही, फोनवर तू निम्मं खोटं बोलतोस.

माया करतोस तशीच करत राहा.
तुझी ताय


हळर्ण
१४ डिसेंबर २०२५

ती. सौ. ताय,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळं बरं आहे एवढंच सांगितलं, ते खरं होतं. बाबा परवा घरी आले. आता हे सावकाश.

आम्हाला वाटलं होतं, झोपवून करतील. पण डॉक्टरीण म्हणाली, भूल फक्त मानेला द्यायची, माणूस जागा ठेवायचा. शीर साफ करताना ती चिमटा लावून बंद करतात, तेवढा वेळ मेंदूला रक्त दुसऱ्या वाटेनं पुरतंय की नाही ते कळायला पेशंटनं बोलत राहायचं. बोलणं अडखळलं की त्यांना कळतं. आणि उजव्या हातात रबराचं बदक दिलं होतं, सांगितलं की दाबायचं. वाड्यावर ज्यांच्यासमोर भले भले मान खाली घालतात ते बाबा पडद्याआड झोपून बदक वाजवत होते. मला हे नर्सनं सांगितलं, सुविधा नावाची आहे, मुळगावची. हसून हसून तिचे डोळे भरले होते.

बोलायला सांगितल्यावर त्यांनी काय बोलावं? काजूची बाग सांगितली. वरच्या खडकाकडून सुरुवात करून एकेक झाड. हे आज्यानं लावलेलं, ह्याच्या बोंडूला गोडी जास्त, हे वाऱ्यात आडवं झालं तरी धरायचं, ह्याच्याखाली सेजल लहानपणी झोपायची. मधे जराही अडखळले नाहीत. शेवटचं झाड संपलं तरी चिमटा सुटला नव्हता, तर परत वरच्या खडकाकडून सुरू. डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, आता मी डोळे मिटून तुमच्या बागेतून फिरेन. मी ट्रॉल्या ढकलतो तिथंच होती ती बाग, पण मला त्यातलं एक झाड सांगता येणार नाही.

नंतर बाबांना नाव विचारलं तर नुसतं 'धाकू' सांगून थांबले नाहीत, गाव, वाडा, बापाचं नाव, कुळाचा देव, सगळं. नर्स म्हणाली, पुरे. हात उचलतो, पाय उचलतो. फक्त आवाज बसलाय. बारीक, फाटका येतो. आवाजाची नस तिथूनच जाते, जरा ओढली गेलीय, काही आठवड्यांनी सुटेल म्हणतात. विडी आईनं चुलीत घातली, डबीसकट. मी तुला ये म्हणून सांगू काय, असं विचारलं त्यांना. तर त्या फाटक्या आवाजात म्हणाले, असल्या आवाजानं पोरीला बोलावणार नाही, नीट होऊ दे. तेव्हा तू थांब. मलाही थांबवत नाही, पण थांब. आई तुझी जुनी गोधडी उन्हात घालते, संध्याकाळी आत घेते, परत दुसऱ्या दिवशी घालते.

मी देवीकडं जाऊन आलो. मनातल्या मनात पंख्याचं सगळं सांगितलं. प्रसाद लावून विचारायचं धाडस झालं नाही.

आता खरी गोष्ट. ऑपरेशनला आत नेण्याआधी बाबांनी मला जवळ बोलावलं आणि सांगितलं की माझी जीभ गेली तरच हे सेजलला सांगायचं. राहिली तर माझं मी सांगेन. जीभ राहिली. म्हणजे मी सांगायचं नाही. पण बाबांना तू ओळखतेस. दुसऱ्याचं सांगायला शंभर तोंडं, स्वतःचं जन्मात सांगणार नाहीत. म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बाबा सावंतवाडीला बैल बघायला जातो म्हणून गेले आणि रात्री बैलाशिवाय आले. ते सावंतवाडीला थांबलेच नव्हते. पुढच्या गाडीत बसून आंबोलीवरून आजऱ्याला आले होते. तुझं घर माहीत नव्हतं, म्हणून आठवडी बाजारात उभे राहिले, कधीतरी भाजीला येईलच म्हणून. तू आलीस. छत्री काखेत धरली होतीस, कोथिंबीर घ्यायच्या आधी नाकाला लावून बघितलीस, आई बघते तशी. वाळलीस असं वाटलं त्यांना. मग तू रताळी घेतलीस, भाव करताना हसलीस. ते हसणं त्यांना रस्त्याच्या पलीकडून ऐकू आलं म्हणे. तू एकदा मागं वळून बघितलंस, तेव्हा ते गुळाच्या ढेपांमागं वाकले. तू वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्या रताळीवाल्या बाईकडं गेले आणि विचारलं, आता जी गेली तिनं काय घेतलं? तेच मला द्या.

आई त्या दिवशी ओरडली होती, मला आठवतंय. घरात कोणाचा उपास नाही आणि ही पिशवीभर रताळी कशाला? बाबांनी चुलीच्या निखाऱ्यात भाजली आणि एकट्यानं खाल्ली. आम्हाला मागितली तरी दिली नाहीत.

ताय, हे तुला माहीत आहे असं कधी दाखवू नको. भावजींनासुद्धा सांगू नको, ते हसतील किंवा रडतील, दोन्ही त्यांना लपवता येत नाही. आईला तर नकोच. आणि कधी बाबांनी आपणहून सांगायला घेतलंच, तर मधे बोलू नको, पहिल्यांदा ऐकतेस तशी ऐक. पाया पडतो तुझ्या, पत्र वाचून चुलीत घाल, पण कोणाला सांगू नको.

तुझा
साईश